संक्रांतीचं वाण घरीच करायचं तर? पंचवीस-तीस रुपयांत काय काय होतं ते इथे लिहूया

रानजाई

मंडळी, मार्गशीर्ष संपत आला, संक्रांत दारात आहे. आमच्याकडे हळदीकुंकवाला सोसायटीतल्या, नात्यातल्या आणि लेकीच्या मैत्रिणींच्या आया धरून पन्नासेक जणी येतात. गेल्या शनिवारी वाणाच्या वस्तू बघायला बाजारात गेले. पंचवीस-तीस रुपयांत मिळतं काय? कंगव्यांचा जोड, पातळ प्लास्टिकची डबी, चहाची गाळणी, दोन धुण्यांत उसवणारा रुमाल. पन्नास जणींचे दीड हजार रुपये जातात, घेणारीला ती वस्तू नको असते, आणि पुढच्या संक्रांतीला तीच डबी तिसऱ्याच घरी पोचते. मला हे मनापासून खटकतं. सणाला हातात ठेवलेली वस्तू आनंदानं वापरली जायला हवी.

म्हणून मी वाण घरी करते. नियम एकच: एकतर महिन्याभरात खाऊन संपलं पाहिजे, नाहीतर रोज हाताशी लागलं पाहिजे. शोभेच्या वस्तूंच्या वाटेला मी जात नाही.

सर्वांत जास्त मागणी असते ती मेतकुटाला. तरुण मुलींच्या घरी ते आता होत नाही आणि विकतच्यात हळद-हिंगाशिवाय कसली चव लागत नाही. माझं प्रमाण असं: २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी तांदूळ, अर्धी वाटी उडीद डाळ, पाव वाटी गहू, २ चमचे धने, १ चमचा जिरे, १ चमचा मोहरी, अर्धा चमचा मेथ्या, सात-आठ मिरी. वरून हळद, सुंठपूड आणि हिंग. याचं साधारण अर्धा किलो होतं, म्हणजे शंभर-शंभर ग्रॅमच्या पाच पुड्या.

सगळी मेहनत भाजण्यात आहे. प्रत्येक जिन्नस वेगळा, कोरडा, मंद आचेवर. हरभरा डाळ बदामी होऊन घरभर वास सुटेपर्यंत हलवत राहायची, मध्येच आच वाढवली तर ती बाहेरून लाल दिसते पण आतून कच्ची राहते, आणि मेतकूट जिभेला चिकटतं. तांदूळ फुलून पांढरे व्हायला हवेत. मेथ्या सर्वांत शेवटी, कढई गॅसवरून उतरवल्यावर तिच्या उरलेल्या धगीवरच, कारण त्या जरा जास्त झाल्या की सगळं कडू. ताटात पसरून पूर्ण गार करायचं, मग मिक्सरवर बारीक करून मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळायचं. हळद, सुंठ, हिंग चाळल्यावर मिसळायचे. आमच्याकडच्या भावानं शंभर ग्रॅमला पंधरा-सोळा रुपये पडतात, खाकी पाकीट आणि आतला बटर पेपर धरून वीसच्या आसपास.

पाकिटावर मी तीन गोष्टी लिहिते: काय आहे, कोणत्या तारखेला केलं, आणि कसं खायचं. मऊ भात, तूप, मेतकूट हे आपल्याला ठाऊक असतं, पण शेजारच्या तमिळ वहिनींना ते सांगावं लागतं. त्या आता दह्यात कालवून फोडणी देतात आणि संक्रांतीच्या आधीच आठवण करतात.

तुमच्याकडे काय करता? प्रमाणासकट लिहा.

निशिगंध

छान धागा! मी पिशव्या शिवते. पाहुण्यांना द्यायला म्हणून वेगळं कापड विकत आणत नाही, जुन्या सुती साड्या वापरते. हिशेब देते, कुणाला उपयोगी पडेल. साडी पाच मीटरच्या आसपास लांब आणि साधारण ११२ सेंटिमीटर रुंद. रुंदीतून ८५ सेंटिमीटरचा पट्टा काढायचा आणि लांबीत दर ४० सेंटिमीटरला कापायचं. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की खालची शिवण वाचते, फक्त दोन बाजू शिवायच्या आणि वर पट्टी. एका साडीत बारा पिशव्या होतात. उरलेल्या २७ सेंटिमीटरच्या पट्टीतून बंद निघतात.

साडीच्या मधल्या भागाचं कापड विरलेलं असतं, तिथल्या पिशवीला आतून ब्लाउजपीसचं अस्तर लावा. ओटीत मिळालेले ब्लाउजपीस आपल्या सगळ्यांच्या कपाटात पडून आहेतच. बंद मात्र दुहेरी शिलाईचे, चौकोन करून आत फुलीची शिलाई मारलेले. पिशवी फाटत नाही, बंद उसवतो.

शिवणकाम येत नसेल तर पोळ्यांचा रुमाल करा. चार मीटरचं धोतर घेतलं तर ४० सेंटिमीटरचे तीस चौकोन निघतात. कडा दुमडून हातानं धावदोरा घातला तरी चालतो. कापड आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन घ्यायचं, नाहीतर खळ पोळ्यांना लागते. माझ्या जावेनं दिलेला रुमाल मी अजून डब्यात रोज वापरते.

मनस्वी_डोंबिवली

रानजाई, वाचायला सुंदर वाटलं, पण नोकरीवाल्यांचं काय? मी सकाळी पावणेआठची लोकल पकडते, घरी येते तेव्हा आठ वाजलेले असतात. डाळी भाजून दोनदा चाळायच्या, पन्नास पाकिटांवर अक्षर काढायचं, हे रविवारच्या रविवार करायचं म्हणजे त्या बाईचा एकुलता एक सुट्टीचा दिवस गेला. वेळेची किंमत कुणी धरत नाही. बचत गटाकडून चटण्या, मसाले घेतले तर चार बायकांना काम मिळतं आणि आपलाही जीव दमत नाही.

दुसरं म्हणजे लोक बोलतात. माझ्या आतेसासूबाईंनी तोंडावर विचारलं होतं, "यंदा काही आणलं नाहीस वाटतं?" तिळाच्या चटणीची बाटली हातात होती तरी. मला रात्रभर वाईट वाटत होतं.

सातारकर_मावशी

मनस्वी, बाळा, त्या बोलण्याचं इतकं मनावर घेऊ नकोस. आमच्या लहानपणी वाण म्हणजे काय होतं? सुगडात उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजराचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा, गव्हाच्या लोंब्या. शेतात आणि परड्यात जे पिकलं ते एकमेकींना द्यायचं. बाजारची वस्तू लुटायची चाल नंतर बोकाळली. माझ्या आईनं एका वर्षी हळकुंडं वाटली, एका वर्षी घरच्या शिकेकाईच्या पुड्या. कुणी नाव ठेवलं नाही, उलट शिकेकाईत काय काय घातलंय ते विचारायला बायका परत आल्या.

आता थोडं टिकण्याविषयी, कारण ते कुणी सांगत नाही. तिळाचं कूट, जवसाची चटणी, सुक्या खोबऱ्याचं काहीही दळून ठेवलं की त्याचं तेल मोकळं होतं आणि ते खवट व्हायला लागतं. जवस सर्वांत लवकर. म्हणून या चटण्या करायच्या तर हळदीकुंकवाच्या दोन दिवस आधी, आणि पुडीवर "पंधरा दिवसांत संपवा" असं लिहायचं. लसूण घातलीत तर ती आधी कोरडी होईस्तोवर परता, ओली राहिली की चटणीला बुरा येतो. कारळ्याची चटणी मला वाणाला फार आवडते, कारण कारळे मुलींच्या स्वयंपाकघरातून गायबच झालेत.

ज्यांना महिनाभर आधी करून ठेवायचंय त्यांनी चहाचा मसाला करावा. ५० ग्रॅम सुंठ, २० ग्रॅम वेलची, १० ग्रॅम मिरी, १० ग्रॅम दालचिनी, ५ ग्रॅम लवंग, अर्धं जायफळ. सुंठ आधी खलबत्त्यात ठेचून घ्या, अख्खी मिक्सरला घातली तर पातं जातं आणि धागेही राहतात. वेलची सालासकट. वीस ग्रॅमची पुडी पंचवीस-तीस रुपयांत बसते, त्यातले निम्म्याहून जास्त वेलचीचेच.

बंड्याचा_बाबा

पुरुष माणसानं या धाग्यात लिहिलं तर चालेल ना? आमच्या घरी हळदीकुंकवाचं सगळं बायको बघते, वाण माझ्याकडे. मी रोपं देतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. थंडीत बी रुजायला आणि फांद्यांना मुळं धरायला वेळ लागतो, त्यामुळे आज डिसेंबरात तुळशीचं बी पेरून संक्रांतीला रोप तयार होणार नाही. आता होण्यासारखं तीनच. गवती चहाचं जुनं बेट फावड्यानं उपटून एकेक काडी मुळासकट वेगळी करायची, पानं वितभर ठेवून छाटायची. एका बेटात वीस-पंचवीस काड्या सहज निघतात. दुसरी कोरफड, तिच्या बुडाशी पिल्लं असतातच. तिसरा ओवा, म्हणजे तो जाड लवदार पानांचा, भजी करतात तो. त्याची बोटभर फांदी ओल्या मातीत खोचली की तीन आठवड्यांत धरते. आजच लावा.

कुंड्या विकत आणू नका. नारळाच्या करवंट्यांना खाली तापलेल्या खिळ्यानं भोक पाडा, किंवा दुधाच्या जाड पिशव्या धुऊन वापरा. माती दोन भाग, शेणखत एक भाग. माझा एकूण खर्च शेणखताच्या गोणीचा.

ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी बियांच्या पुड्या द्या. घरातले धणे अर्धे करून, मेथ्या अख्ख्या, अळीव अख्खे. खिडकीतल्या ट्रेमध्ये मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते. पुडीवर पेरायची पद्धत दोन ओळींत लिहायची, ते काम माझा मुलगा करतो. हा, पुड्या वर्तमानपत्राच्या केल्या तर फक्त बियांसाठी. खायच्या पदार्थाला छापील कागद नको, शाईतली रसायनं अन्नात उतरतात. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनंही वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका म्हणून बजावलं आहे.

मालवणी_मुलूख

आमच्याकडे मे महिन्यात वाळवलेली आमसुलं असतात. दहा-बारा आमसुलं, चमचाभर जिरं, दोन सुक्या मिरच्या एका पुडीत बांधायच्या. पुडी म्हणजे एका वेळच्या साराची तयारी. घाटावरच्या मैत्रिणींना हे वाण प्रचंड आवडतं. घरची आमसुलं असतील तर खर्च जवळपास नाहीच.

अनघा_करवीर

मला थोडं वेगळं लिहायचंय. वाण काय द्यायचं याइतकंच ते कुणाला द्यायचं हेही महत्त्वाचं आहे. माझ्या आईला बाबा गेल्यानंतर सहा-सात वर्षं शेजारच्या घरी संक्रांतीचं बोलावणं आलं नाही. जिनं सगळ्या गल्लीच्या मुलींना तिळगुळाच्या वड्या शिकवल्या, ती त्या दिवशी दार लावून बसायची.

मे २०२२मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांवरच्या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. त्यानंतर आमच्या गल्लीत आम्ही चौघी-पाच जणींनी ठरवलं: समारंभ तिळगुळाचा, बोलावणं प्रत्येक घरातल्या प्रत्येक बाईला. सासूबाई, त्यांच्या बहिणी, लग्न न केलेल्या, एकट्या राहणाऱ्या, घरकाम करणाऱ्या ताई, सगळ्या. हळदीकुंकवाचं तबक ठेवतो, ज्यांना लावायचं त्या लावतात.

आणि घरी केलेलं वाण तिथे फार कामाला येतं. बांगड्या, टिकल्या, कुंकवाच्या डब्या दिल्या की कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हा प्रश्न उभाच राहतो. चटणीची पुडी, कापडी पिशवी, रोप हे सगळ्यांना सारखं. पहिल्या वर्षी आईनं स्वतः गूळ चिरून शंभर वड्या थापल्या.

रानजाई

अनघा, हे फार बरं झालं लिहिलंस. आमच्या सोसायटीत बोलावणं अजून जुन्या पद्धतीनंच जातं. या वर्षी मी स्वतः दोन मजले फिरून सगळ्यांना सांगणार.

जर्सीकर

आम्ही न्यू जर्सीत मंडळाच्या हळदीकुंकवाला तिळाच्या वड्या आणि मुलांनी रंगवलेली भेटकार्डं देतो. एक काळजी मात्र इकडच्या सगळ्यांनी घ्या. कितीतरी जणांना तिळाची ॲलर्जी असते. १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत बांधलेल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर तीळ हा प्रमुख ॲलर्जीकारक घटक म्हणून लिहावाच लागतो. घरच्या पदार्थाला तो कायदा लागू नाही, पण ऑफिसमध्ये, शेजारी किंवा मुलांच्या वर्गात द्यायचं असेल तर तीळ, दाणे, गहू, जे असेल ते इंग्रजीत ठळक लिहा. वर्गात खाऊ पाठवण्याआधी शिक्षकांना विचारा. मी तिथे कापडी पिशवी देते.

मृण्मयी_बोरीवली

माझ्या भाचीची पहिली संक्रांत आहे, आणि नणंदेच्या बाळाचं बोरन्हाणही. दागिने विकत बघितले तर बाळाचा सेटही शेकड्यात जातो आणि भाचीचा त्याहून पुष्कळ जास्त. घरी हलव्याचे दागिने कुणी केलेत का? हलवाही घरीच करायचा की विकत आणायचा?

सातारकर_मावशी

मृण्मयी, दागिने घरी कर, हलवा विकत आण. हलवा घरी करणं सुंदर काम आहे, पण ते चार-पाच सकाळींचं काम आहे. खसखस किंवा साबुदाणा पसरट भांड्यात अगदी मंद शेकावर घ्यायचा, त्यावर एकतारी पाक चमचा-चमचा घालत बोटांनी अखंड हलवायचं. एक चमचा वाळल्याशिवाय दुसरा नाही. पाक फार घातला की दाणे एकमेकांना चिकटतात, शेक वाढला की पाक पिवळट होतो. कोरडी थंडी असेल तर तिसऱ्या दिवसापासून काटा दिसायला लागतो. मुंबईच्या दमट हवेत त्याला फार जपावं लागतं.

दागिन्यांसाठी पाव किलो बारीक हलवा आणि शंभर ग्रॅम मोठा पुरे. दाण्याला भोक पाडता येत नाही, म्हणून पांढऱ्या दोऱ्याचा फास करून दाणा त्यात घ्यायचा आणि आवळून गाठ मारायची, लगेच पुढचा फास. हाराला असं करत जायचं. बिंदी, बाजूबंद, मुकुटाला जाड पुठ्ठा कापून त्यावर काळं कापड चिकटव, कडेनं सोनेरी जर, आणि हलवा डिंकानं लाव. बाळाच्या दागिन्यात टाचणी, तार, टिकली असलं काही नको, ते तोंडात घालतं. बंद रिबनचे, मानेशी सैल. आणि बाळाच्या गळ्यात फोटोपुरतंच घालायचं. झाल्यावर हवाबंद डब्यात ठेव, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं.

भाचीचा पूर्ण सेट दोघी बसलात तर दोन दुपारींत होतो. साहित्याला अडीचशे-तीनशेच्या वर खर्च येऊ नये.

मृण्मयी_बोरीवली

मावशी, इतकं नीट सांगितलंत, खूप आभार. फासाचा एक फोटो टाकाल का?

सातारकर_मावशी

उद्या नातीकडून काढून घेते.

रानजाई

मनस्वी, तुझा मुद्दा खरा आहे. एकटीनं पन्नास पुड्या करायला मीही सांगणार नाही. आम्ही आमच्या मजल्यावरच्या तिघी मिळून करतो. डाळी एकीकडे भाजायच्या, मिक्सर-चाळणी दुसरीकडे, पाकिटं तिसरीकडे मुलांना बसवून. तिघींचं वाण एकच, समारंभ तीन वेगळ्या दिवशी, आणि येणाऱ्या बऱ्याचशा बायकाही त्याच, म्हणून पाकिटं पन्नासाच्या तिप्पट लागत नाहीत. संध्याकाळी जेवणं झाल्यावर दोन-दोन तास, तीन दिवस.

बचत गटाकडून घेणं मला अजिबात कमी वाटत नाही. घरातून वेळ निघत नसेल तर तेच करावं. फक्त आधी थोडं आणून चाखून बघ आणि कधी केलंय ते विचार. संक्रांतीच्या गर्दीत आधीचा राहिलेला मालही खपवला जातो.

आतेसासूबाईंचं म्हणशील तर वस्तू देताना दोन वाक्यं बोलायची. "ही कारळ्याची चटणी मी परवाच केलीय, भाकरीबरोबर खाऊन सांगा कशी झालीय." गुपचूप हातात ठेवली की ती चटणीची बाटली राहते. सांगून दिली की पुढच्या वेळी त्या स्वतःहून चवीबद्दल बोलतात. माझा तरी अनुभव असा आहे.

मनस्वी_डोंबिवली

तिघींची कल्पना पटली. समोरच्या वहिनी आणि खालच्या मजल्यावरची पूजा तयार होतील असं वाटतंय. आम्ही मेतकूटच करू. एक विचारायचं राहिलं: मिक्सरवर पाच-सहा किलो करणं शक्य दिसत नाही. भाजून गिरणीत दिलं तर चालेल का?

रानजाई

चालेल, फक्त गव्हाच्या दळणावर देऊ नकोस. गिरणीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेव. भाजणीची दळणं झाल्यावर आपलं घ्यायला सांग, आणि जात्यात आधीचं राहिलेलं असतं म्हणून पहिली दोन मुठी वेगळी काढ. ती घरी वापर, वाणात नको. डाळी पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस. दळून आणलेलं पीठ गरम असतं, ते परातीत पसरून दोन तास उघडं ठेव आणि मगच हळद-हिंग मिसळ. हिंग खड्याचा असेल तर तव्यावर फुलवून घे. पाच किलोला जवळजवळ पंचवीस ग्रॅम लागेल.

मनस्वी_डोंबिवली

लिहून घेतलं. शनिवारी डाळी आणते.